रूपाचा दाखला

आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबांत दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत उपवर मुलीचे स्वतंत्र छायाचित्र काढण्याचा प्रसंग बहुधा एकदाच येत असे, आणि तो म्हणजे तिच्यासाठी स्थळे पाहण्यास आरंभ झाल्याचा. पेठेतल्या स्टुडिओत, कमानी आणि कारंजी रंगविलेल्या पडद्यापुढे, एक हात कोरीव तिवईवर ठेवून ती उभी राही. चष्मा आईच्या पिशवीत जाई, चेहऱ्यावर पावडरीचा एक हात अधिक बसे, आणि तयार झालेली प्रत पत्रिकेसह टपालाने वरपक्षाकडे रवाना होई. दाखविण्याच्या कार्यक्रमात चष्मा आणि वर्ण ही दोन्ही उघडकीस यावयाचीच आहेत हे ठाऊक असूनही, छायाचित्रापुरती ती झाकण्याची धडपड घरोघर चाले. आज त्याच घरांतील मुली, आणि आता त्यांच्या जोडीने मुलगेही, निराळ्याच छायाचित्रणासाठी वडिलांकडे पैसे मागू लागले आहेत. फॅशनच्या व जाहिरातीच्या व्यवसायात प्रवेश करू इच्छिणाऱ्याच्या निवडक छायाचित्रांचा जो संच पोर्टफोलिओ म्हणून ओळखला जातो, त्यासाठीचे हे छायाचित्रण होय. खर्च वाढला, साधने बदलली, पडद्यावरची कारंजी गेली. परंतु छायाचित्र हे झाकण्याचे साधन आहे ही समजूत मात्र जशीच्या तशी राहिली, आणि या क्षेत्रात होणाऱ्या बहुतेक फसगतीचे मूळ त्या समजुतीत आहे, असे आमचे मत आहे.

पोर्टफोलिओ हा वस्तुतः एक दाखला आहे. एखाद्या कापड गिरणीला, सराफी पेढीला किंवा वेशकाराला आपल्या मालासाठी चेहरा हवा असतो, तेव्हा निवड करणाऱ्या इसमापुढे अशा संचांचा ढीग येऊन पडतो आणि प्रत्येकावर त्याची दृष्टी काही क्षणच ठरते. समोरच्या व्यक्तीची ठेवण, बांधा, वर्ण आणि मुद्रेवर भाव उमटविण्याचे सामर्थ्य आपल्या कामास उपयोगी पडेल की नाही, एवढेच त्या क्षणांत त्याला ठरवावयाचे असते. पुढे ती व्यक्ती प्रत्यक्ष बोलावली जाते, आणि छायाचित्र व माणूस यांच्यात तफावत आढळली, तर तो संच कितीही देखणा असला तरी खोट्या दाखल्याची जी गत होते तीच त्याची होते. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे छायाचित्रणाची पूर्वतयारी कोणत्या दिशेने करावयाची, याचाही उलगडा होतो. स्वतःचे सत्यस्वरूप शक्य तितक्या चांगल्या प्रकाशात नोंदले जावे यासाठी जे जे करावे लागते ती तयारी; आणि दुसरेच कोणीतरी दिसावे यासाठी जे केले जाते तो निव्वळ अपव्यय.

छायाचित्रासाठी तयारी करणे ही काही आजची टूम नव्हे. १८३९ साली डागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जगापुढे आली, तेव्हा प्रतिमा उमटण्यास इतका अवकाश लागे की बसलेल्या माणसाची मान हलू नये म्हणून तिला मागून लोखंडी टेकू द्यावा लागे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी त्याच काळात या कलेत नैपुण्य मिळविले. राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत १८९२ साली केवळ स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तेथील कारभार एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. कारण कॅमेऱ्यापुढे बसणारी व्यक्ती संकोचली तर यंत्र कितीही उत्तम असून उपयोग नाही, हे त्या व्यवहारचतुर कलावंताने ओळखले होते. लोखंडी टेकू केव्हाच अडगळीत गेला. संकोच जाण्याची आवश्यकता मात्र आजही तितकीच आहे. किंबहुना सर्व पूर्वतयारीचे अंतिम प्रयोजन एवढेच म्हणता येईल की, कॅमेऱ्यापुढे उभे राहिल्यावर आपल्याविषयीची कोणतीही चिंता मनात शिल्लक राहू नये.

कोल्हापूर, लातूर, अमरावती अशा ठिकाणांहून तरुण मंडळी मुंबईत अंधेरी-वर्सोव्याच्या बाजूला येतात, तेथील आराम नगरच्या गल्ल्यांतून ऑडिशनांची चौकशी करीत फिरतात, आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून 'इतके लुक, इतकी छायाचित्रे, मेकअपसह अमुक रक्कम' असा एकगठ्ठा सौदा करून मोकळी होतात. या सौद्यात जो प्रश्न सर्वांच्या आधी यावयास हवा तोच राहून जातो, आणि तो म्हणजे हा संच कोणापुढे ठेवावयाचा आहे. रॅम्पवर चालणाऱ्या मुलीची उंची साधारणतः पाच फूट सात ते आठ इंच अपेक्षिली जाते, कारण वेशकाराची वस्त्रे त्या मापाने बेतलेली असतात; उलट साबण, चहा, विमा, मोबाइल यांच्या जाहिरातींत शेजारच्या घरातली वाटावी अशी मुद्रा हवी असते आणि तेथे उंचीची फारशी पृच्छा होत नाही. मधु सप्रे खेळाच्या मैदानावरून या व्यवसायात आल्या आणि १९९२ च्या विश्वसुंदरी स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचल्या. त्यांची चपळ, बळकट अंगयष्टी हीच त्यांची ओळख ठरली. पाच फूट दोन इंच उंचीच्या, हसऱ्या, बोलक्या चेहऱ्याच्या मुलीला उंच टाचा घालून रॅम्पवरची कठोर मुद्रा धारण करावयास लावणे म्हणजे तिच्याजवळ जे आहे ते दडवून जे नाही त्याचे प्रदर्शन मांडणे होय. पुण्यामुंबईच्या सराफांच्या जाहिरातींसाठी नऊवारी, नथ आणि पैठणी यांत शोभणारा चेहरा लागतो, मराठी मालिकांनाही तो लागतो. ज्याला ही कामे करावयाची आहेत त्याने आपल्या संचात तो वेश अवश्य घ्यावा, आणि ज्याला करावयाची नाहीत त्याने केवळ आजीला आवडेल म्हणून घेऊ नये.

या व्यवसायातील जाणत्या संस्था नवख्या उमेदवाराकडून प्रथम जे मागतात ते ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. त्यांना हवी असतात ती पोलरॉइड अथवा डिजिटल्स या नावाने परिचित असलेली अगदी साधी छायाचित्रे. चेहऱ्यावर मेकअप नाही, केस मागे बांधलेले, अंगात साधा बेताचा घट्ट टी-शर्ट व जीन्स, मागे कोरी भिंत, समोरून खिडकीचा सौम्य प्रकाश. एक चित्र समोरून, एक बाजूने, एक कंबरेपर्यंत, एक आपादमस्तक, एक हसताना. घरातील कोणीही व्यक्ती मोबाइलवर ती काढू शकते आणि त्यांस दमडीचा खर्च येत नाही. उंची व छाती-कंबर-नितंबांची मापे टेपने घेऊन खरीखुरी लिहावीत, हे त्यासोबतच आले. कपडे अंगावर चढताच खोटे माप उघडे पडते. आमची अशी स्पष्ट सूचना आहे की ज्याने ही साधी छायाचित्रे काढून चार जाणत्या ठिकाणी पाठविलेली नाहीत, त्याने मोठ्या छायाचित्रणाचा बयाणा कोणालाही देऊ नये. आलेल्या उत्तरांवरून, किंवा न आलेल्या उत्तरांवरूनही, आपणास कोणत्या प्रकारचे काम मिळण्याचा संभव आहे याचा अंदाज येतो, आणि मग खर्च करावयाचाच तर तो डोळसपणे करता येतो.

आता शरीराची तयारी. तीत गूढ असे काहीच नाही. पण घाईने केलेली प्रत्येक गोष्ट कॅमेरा नेमकी टिपतो. वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग आदल्या दिवशी केले तर त्वचा लालसर राहते, म्हणून ते दोन-चार दिवस आधी उरकावे. केस कापावयाचे तर आठवडाभर आधी, म्हणजे ते आपल्या वळणावर येतात. आणि त्या आठवड्यात नवे क्रीम, नवे औषध, नवा लेप यांपैकी कशाचाही प्रयोग चेहऱ्यावर करू नये. घट्ट मोजे, घट्ट इलास्टिक किंवा मनगटावरचे घड्याळ यांचे वळ त्वचेवर बराच वेळ राहतात, सबब त्या सकाळी सैल कपडे घालून निघावे. उन्हापासून रक्षण करणाऱ्या काही क्रीमांतील झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड ही द्रव्ये फ्लॅशचा प्रकाश परत फेकतात आणि चेहरा पिठात बुडविल्यासारखा दिसतो, ही गोष्ट मेकअप दादांना पाठ असते, पण घरून तयार होऊन येणाऱ्यास ठाऊक नसते. चार दिवस उपाशी राहून बारीक होण्याच्या खटाटोपाने चेहरा उतरतो, डोळ्यांखाली सावल्या येतात आणि दुपारच्या तिसऱ्या लुकपर्यंत घेरी येण्याची वेळ येते. त्यापेक्षा रात्रीची पुरती झोप आणि सकाळी वरणभातासारखे साधे अन्न यांचा गुण अधिक.

वर्णाविषयी येथे थोडे अधिक लिहिणे प्राप्त आहे. गोरेपणाचे वेड आपल्या समाजात किती खोल मुरले आहे हे सांगावयास नको. 'फेअर अँड लव्हली' या क्रीमला १९७५ पासून वापरात असलेले आपले नाव २०२० साली बदलावे लागले, यावरून निदान त्या वेडाची लाज वाटू लागली आहे, एवढे अनुमान काढता येईल. तरीही छायाचित्रणाच्या दिवशी मुलीसोबत आलेली मावशी 'थोडी उजळ करा हो' असे मेकअप दादांना हळूच सांगते, आणि गळ्याचा रंग एक व चेहऱ्याचा दुसरा असलेली छायाचित्रे तयार होतात. निवड करणाऱ्याला सावळा वर्ण चालत असतो, पुष्कळदा हवाही असतो. त्याला चालत नाही ती ही विसंगती. उज्ज्वला राऊत ही मुंबईची सावळी मुलगी परदेशांतील नामांकित फॅशन-मंचांवर चालली, ती आपला वर्ण झाकून नव्हे.

कपड्यांच्या बाबतीत नवेपणापेक्षा माप महत्त्वाचे. अंगाला नीट बसणारा जुना पांढरा सदरा हा ढगळ बसणाऱ्या महागड्या जाकिटापेक्षा कितीतरी सरस दिसतो, आणि जे ढगळ आहे ते पाठीमागून चिमटे व टाचण्या लावून बेतात आणण्याची युक्ती प्रत्येक स्टुडिओत वापरली जाते. बारीक रेघांच्या आणि चौकड्यांच्या कापडावर डिजिटल कॅमेऱ्यात लाटांसारखी नक्षी उमटते. मोठ्या अक्षरांतील कंपनीचे नाव पाहणाऱ्याचे लक्ष चेहऱ्यावरून ओढून घेते. हे दोन्ही टाळावे. त्वचेच्या रंगाची अंतर्वस्त्रे, वाफेची इस्त्री, स्वच्छ तळव्यांची पादत्राणे, टाचण्या, दुहेरी चिकटपट्टी, सुईदोरा हा सरंजाम आदल्या रात्रीच पिशवीत भरून ठेवावा आणि प्रत्येक वेश कोणत्या क्रमाने घ्यावयाचा याची यादी कागदावर करावी. दिवसभरात आठ-दहा वेश उरकण्याचा हव्यास धरणाऱ्याच्या प्रत्येक वेशात घाई दिसते. विचारपूर्वक निवडलेले तीन-चार वेश पुरतात. दहा-बारा उत्तम छायाचित्रांचा संच हा पन्नास मामुली छायाचित्रांच्या संचापेक्षा बलवान असतो, कारण पाहणारा आपल्याविषयीचे मत बहुधा त्यातील सर्वांत दुबळ्या छायाचित्रावरून बनवितो.

छायाचित्रकाराची निवड हा या प्रकरणातील कळीचा मुद्दा होय. त्याच्या संग्रहातील निवडक चित्रांवर विसंबू नये. एकाच व्यक्तीचा, एकाच दिवशी काढलेला सबंध संच दाखविण्यास सांगावे, म्हणजे त्याचे सरासरी कसब कळते. कॅमेरा चेहऱ्याच्या फार निकट आणल्यास नाक मोठे व कान लहान दिसतात, म्हणून जाणता छायाचित्रकार थोडा दूर उभा राहतो आणि ८५ मिलिमीटर किंवा त्याहून लांब पल्ल्याचे भिंग वापरतो. ज्याला हे का करावयाचे ते सांगता येत नाही, त्याच्या कॅमेऱ्याच्या किमतीला भुलू नये. दिवंगत छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष यांनी लिंटास या जाहिरातसंस्थेतील अनुभवाच्या पायावर आपली कला उभारली आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'फेसेस' या त्यांच्या ग्रंथात दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या राय यांच्यापर्यंतचे चेहरे एकत्र आले. त्या चेहऱ्यांत वयाचे, घराण्याचे, स्वभावाचे अंतर आहे. परंतु प्रत्येक चेहरा स्वस्थ आहे, आणि प्रत्येकाला आपण कोण आहोत हे ठाऊक असल्यासारखा दिसतो. असे स्वास्थ्य मेकअपने येत नाही. छायाचित्रणाच्या दिवसापूर्वी एकदा प्रत्यक्ष भेट घेऊन, हेतू सांगून, आवडलेली-नावडलेली चित्रे समोर ठेवून निवांत बोलणे झाले असेल, तरच ते येण्याचा संभव. घरी आरशापुढे उभे राहण्याचा सराव करावा, पण आरसा डावे-उजवे उलटून दाखवितो आणि आपण आयुष्यभर तीच उलटी मुद्रा पाहत आलेलो असतो. छायाचित्रातील आपला चेहरा अनोळखी वाटतो तो पुष्कळदा यामुळेच, आणि त्यावरून खचून जाण्याचे कारण नाही.

यापुढील विषय रुक्ष आहे, आणि म्हणूनच तो टाळला जातो. पैशाचा व्यवहार होण्यापूर्वी लेखी करार व्हावयास हवा. रक्कम किती, त्यात मेकअप व स्टुडिओचे भाडे धरले आहे की नाही, अंतिम चित्रे किती व किती मुदतीत मिळणार, मूळ फाइली मिळणार की नाही, छायाचित्रकार ती चित्रे अन्यत्र वापरणार काय, हा तपशील एका पानात मावतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील १७ व्या कलमानुसार, एखाद्याने मोबदला देऊन स्वतःच्या सांगण्यावरून छायाचित्र काढवून घेतले असेल आणि विरुद्ध करार नसेल, तर त्याचा प्रथम स्वामी पैसे देणारा असतो. ही गोष्ट पुष्कळ उमेदवारांना ठाऊक नसते, आणि 'विरुद्ध करार' असलेला कागद ते न वाचता सही करून देतात. दोघांपैकी कोणीच पैसे न घेता केलेले जे 'कोलॅब' छायाचित्रण हल्ली रूढ आहे, त्यात तर मालकीचा प्रश्न आधीच लिहून ठेवणे अधिक अगत्याचे, कारण मोबदल्याअभावी ती छायाचित्रकाराकडेच राहण्याचा संभव मोठा. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार कायद्याच्या दृष्टीने निरर्थक असतो. तेथे पालकांची उपस्थिती व सही दोन्ही हवीत.

वय कितीही असो, सोबत एक विश्वासू माणूस नेण्यात कमीपणा मुळीच नाही. कपडे बदलण्याची खोली बंद होते की नाही हे प्रथम पाहावे. कपडे बदलणाऱ्या स्त्रीचे चोरून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमान्वये गुन्हा आहे, हे स्टुडिओवाल्यास ठाऊक असते. ते आपणासही ठाऊक आहे असे त्याला दिसले म्हणजे पुरे. आधी न ठरलेला वेश किंवा पवित्रा ऐन वेळी सुचविला गेला, तर 'नाही' म्हणण्याचा अधिकार पैसे भरल्याने संपुष्टात येत नाही, आणि सभ्य छायाचित्रकार त्या नकाराने नाराज होत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की फॅशनचे जग मुळातच कृत्रिमतेवर उभे आहे, तेथे सत्याचा हा आग्रह भाबडा होय. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. जाहिरात छापली जाते तेव्हा तीवर रिटचिंगचे संस्कार होतातच. आणि ते इतके बोकाळले की फ्रान्सने १ ऑक्टोबर २०१७ पासून, शरीराची आकृती संगणकाने बदललेली असल्यास जाहिरातीच्या छायाचित्रावर तशी नोंद करणे सक्तीचे केले आणि मॉडेलांकडून वैद्यकीय दाखल्याची अट घातली. नॉर्वेनेही २०२२ साली त्याच धर्तीचा नियम अंमलात आणला. परंतु अंतिम जाहिरातीत काय बदलावयाचे हे ठरविण्याचा अधिकार जाहिरातदाराचा असतो, आणि तो बजावण्यासाठी त्याला आधी मूळ वस्तू जशी आहे तशी पाहावयाची असते. मुरूम, एखादा भटका केस, कपड्याची सुरकुती काढून टाकण्यास कोणाची हरकत नसावी. हनुवटी, कंबर आणि वर्ण यांना हात लागला की दाखल्याची किंमत गेली.

राहता राहिली ती फसवणूक. जी संस्था तुम्हाला काम मिळवून देणार आहे, तिचे उत्पन्न तुमच्या कामाच्या मोबदल्यातील हिश्श्यातून यावयास हवे. 'काम नक्की आहे, फक्त पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करून घ्या आणि पैसे आजच भरा' असे जेथे सांगितले जाते, तेथे पोर्टफोलिओ हाच धंदा असतो आणि काम हे आमिष. अशा ठिकाणी शेतीचे किंवा निवृत्तिवेतनाचे पैसे ओतून परतलेली कुटुंबे तक्रारही करीत नाहीत, कारण चारचौघांत हसे होण्याची धास्ती असते. त्यांनी ती धास्ती सोडावी. पावती जपून ठेवावी आणि ग्राहक आयोगाकडे दाद मागावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार गुदरण्याची मुभा दिली आहे, तिच्यासाठी मुंबईस खेटे घालावे लागत नाहीत.

मुलामुलींनी या व्यवसायात जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. तो कष्टाचा, अनिश्चित, परंतु प्रामाणिकपणे करता येण्याजोगा व्यवसाय आहे, आणि त्याकडे पाहून नाके मुरडण्याचा काळ आता गेला. पालकांना आमचे सांगणे इतकेच की, पैसे देण्यापूर्वी हा संच कोणासाठी आहे, त्यात आपले मूल जसे आहे तसे दिसणार आहे काय, आणि व्यवहार कागदावर उतरला आहे काय, हे तीन प्रश्न घरात बसून विचारावेत. तिन्हींची उत्तरे समाधानकारक आली तर खुशाल खर्च करावा; एकाचेही आले नाही, तर छायाचित्रणाची तारीख पुढे ढकलावी.